गोल पुरा होईपर्यंत

१२ जानेवारी, रविवार

मागच्या खोलीत मी आगगाडी घालतो आहे, हे अजून दुकानात कुणाला सांगितलेलं नाही. पन्नाशीला टेकलेला माणूस, पुस्तकं बांधून पोट भरतो, सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेतो, आणि घरी जाऊन खेळण्यातल्या गाडीसाठी रूळ अंथरतो. मालक काही म्हणणार नाहीत, पण चष्म्यावरून बघतील. ते बघणंच नको.

नाद लागला तो कामातूनच. एका गृहस्थांनी आगगाड्यांच्या मासिकांचे जुने अंक बांधायला टाकले होते. शिवता शिवता चाळत गेलो, चाळता चाळता वाचत गेलो. घरातल्या घरात छोटी गाडी कशी घालावी यावर त्यात लेखच्या लेख. अंक बांधून परत गेले, वेड माझ्याकडे राहिलं.

हिने एकदाच विचारलं, "जागा किती लागेल?" मी म्हटलं, "थोडी." मग प्लायवूडचा तक्ता आला आणि खोलीचं दार पुरतं उघडेना. त्यावरही ही काही बोलली नाही. आमचा संसार बराचसा असा न बोलताच झाला आहे.

आज बाबा आले. बाबा म्हणजे हिचे वडील. उभा जन्म पाव भाजण्यात गेला. भट्टी कधीच बंद केली, पण आपल्या जुन्या पावाच्या दुकानाच्या वरच्या खोलीत एकटेच राहतात. गेल्या आठवड्यात लाकडी जिन्याची पायरी मोडली आणि खाली आले. दूधवाल्याने हाक ऐकली म्हणून बरं, नाहीतर किती वेळ तसेच पडून राहिले असते कोण जाणे. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सुतार जिना नवा करतो आहे, तोवर मुक्काम आमच्याकडे. दुसरी रिकामी खोली नाही, म्हणून त्यांची खाट तक्त्याला लागूनच टाकली.

त्यांनी दारातूनच तक्ता पाहिला. म्हणाले, "जावईबापू, मला फलाटावर उतरवलंत की काय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "उद्याच हलवतो बाबा सगळं."

"हलवू नका. गाडी केव्हाची आहे तेवढं सांगा. जिना झाला की मला घरी जायचंय."

स्वयंपाकघरात ही कणीक मळता मळता हळूच म्हणाली, "आता त्यांनी तिथं परत एकटं राहू नये."

"मग सांग त्यांना."

"मी सांगू? आणि दादासारखं व्हायचं?"

हिच्या भावाने मागे जेवताना म्हटलं होतं, "बाबा, आता तुमच्याच्याने होत नाही, इकडेच या." बाबा भरल्या ताटावरून उठले, हात धुतले आणि घरी निघून गेले. त्या घरात त्यांनी पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही.

"तुम्ही सांगा," ही म्हणाली.

मुलाचं ज्यांनी ऐकलं नाही, ते जावयाचं काय ऐकणार? मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज गादी घातली. रूळ थेट लाकडावर ठोकले तर गाडी खडखडते, म्हणून खाली बुचाची पट्टी घालतात. पट्टी मधोमध चिरायची, तक्त्यावर पेन्सिलने गोलाची मधली रेघ काढायची आणि दोन्ही अर्ध्या पट्ट्या रेघेच्या दोन अंगांना चिकटवत न्यायच्या. अख्खी पट्टी वळत नाही, अर्धी वळते.

बाबा खाटेवर बसून बघत होते. पट्टी चिरताना बघून म्हणाले, "हे तर पावाला मस्का लावण्यासारखं आहे." मग उठले आणि उजव्या हाताने पट्टी दाबून धरायला लागले. मी गोंद लावायचा, त्यांनी दाबायचं, मी टाचण्या मारायच्या. त्यांचा तळवा रुंद आणि उबदार आहे. सगळीकडे सारखा दाब पडतो. त्यांनी दाबलेल्या जागी गोंद बाहेर येत नाही, मी दाबलेल्या जागी येतो.

"तुमचं कामच चिकटवण्याचं ना?" बाबा म्हणाले.

"हो, पण पुस्तक वळत नाही."

यावर ते इतके हसले की ही बघायला आली. हिला पाहून आणखी हसले. हिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. पदराने उगाचच दाराची कडी पुसून गेली.

२३ जानेवारी, गुरुवार

खिडकीकडच्या वळणावर गादी सुटली आहे. चांगली वीतभर. मला फार लागलं ते. मी बांधलेली पुस्तकं कितीतरी घरांत कितीतरी वर्षं उघडमीट होताहेत, पान निसटल्याची तक्रार नाही, आणि माझ्याच घरात बूच सुटावं?

हिला विचारलं, "खिडकी उघडी होती का? दमट हवा लागली असेल."

"मी फक्त फडकं मारलं."

"फडक्याने सुटत नाही गं."

"मग हवाच असेल," ही म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

उद्या दुकानातला घट्ट गोंद आणतो. मालकांना विचारून.

२ फेब्रुवारी, रविवार

बाबांचं प्लास्टर निघालं. डॉक्टरांनी हाताला व्यायाम सांगितला आहे. रबराचा चेंडू दाबायचा. बाबांना चेंडू आवडला नाही. "मी काय पाळण्यात आहे?" म्हणाले आणि माझी बारीक पक्कड मागून घेतली. दिवसभर ती उघडमीट करत बसतात.

रूळ टाकायला घेतले. हे रूळ लवचीक असतात. वळवले की आतल्या बाजूची धातूची पट्टी टोकाला बाहेर डोकावते, तेवढी कापायची आणि पुढच्या तुकड्याला छोट्या जोडपट्टीने जोडायची. सरळ जागी ठीक, पण वळणावर जोड आला की रूळ परत सरळ व्हायला बघतो आणि तिथं कोपरा पडतो. डोळ्यांना दिसत नाही एवढा कोपरासुद्धा गाडीला दिसतो.

म्हणून गाल तक्त्यावर टेकवून, एक डोळा मिटून रुळाच्या ओळीने बघावं लागतं. एका टोकाला माझा गाल, दुसऱ्या टोकाला बाबांचा. तसे आम्ही बराच वेळ होतो. त्यांच्या मिशीला बुचाचा भुसा लागला होता. मी सांगितलं नाही.

"उजवीकडे घ्या जरा," ते म्हणाले.

"माझ्या उजवीकडे की तुमच्या?"

"गाडीच्या."

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. मोठ्या माणसाबरोबर एकाच टेबलावर डोकं टेकवून काही बघायचं असतं, हे मला माहीत नव्हतं.

५ फेब्रुवारी, बुधवार

सुताराचा फोन आला. जिना झाला. कठडासुद्धा नवा बसवला. बाबा फोनवर "छान, छान" म्हणत राहिले.

जेवायला बसलो. हिने मला टेबलाखालून पायाने ढोसलं. मी पाणी प्यालो. पुन्हा ढोसलं. मी पुन्हा पाणी प्यालो. माझ्या मनात वाक्य तयार होतं, पण त्याची सुरुवात सापडेना. दादांचं वाक्य आणि माझं वाक्य यांत फरक काय, हेच मला कळत नव्हतं.

शेवटी बाबाच म्हणाले, "रूळ अर्धवट टाकून जाणं बरं दिसत नाही. गोल पुरा होऊ दे. गाडीने एक फेरी मारली की मी निघालो."

"हो, हो," मी म्हटलं. सुटल्यासारखं वाटलं. मग वाटलं, सुटलं काय? फक्त पुढे गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बाबांना आमच्यामुळे अडकून पडल्यासारखं वाटू नये, म्हणून मी ठरवलं की आता हात भराभर चालवायचा. दुकानातून लवकर आलो आणि लांबच्या बाजूचे सगळे रूळ एका बैठकीत टाकून मोकळा झालो.

हिला कौतुकाने दाखवलं तर म्हणाली, "तुमच्यासारखा माणूस नाही जगात." पण म्हणाली ती अशी की तो गुण वाटेना. मग भांडी घासली. आमची भांडी एवढी मोठ्याने वाजतात हे मला आजवर ठाऊक नव्हतं.

काय चुकलं ते कळलं नाही. उद्या फुलं आणावीत का? पण कशाबद्दल म्हणून द्यायची?

९ फेब्रुवारी, रविवार

खिडकीकडची गादी पुन्हा सुटली. घट्ट गोंद लावूनही. आणि आता खाटेजवळचा एक रूळही जोडातून निघाला आहे. तो खाली पडलेला नव्हता, नीट एका बाजूला सरकलेला होता. जोडपट्टीच नाहीशी झाली आहे.

एक ठिगळ लावतो तोवर दुसरीकडे उसवतं. आज प्रार्थनेच्या वेळी मनात आलं, देवा, एवढी गादी टिकू दे. लगेच लाज वाटली. लोक आजारपणं घेऊन त्याच्यापुढे उभे राहतात आणि मी बूच घेऊन. तरी मागितलं ते मागितलंच.

दुपारी आणखी एक गोष्ट झाली, तिचा मलाच उलगडा होत नाही. गोल पुरा व्हायला थोडंच उरलं होतं. मी पेन्सिल घेतली आणि म्हणालो, "बाबा, एक फाटा काढू या का? माल उतरवायला बाजूची लाइन?" माझ्या आराखड्यात फाटा नव्हता. फाट्याला सांधा लागतो, सांधा म्हणजे रूळ बदलण्याची जागा, आणि ते सगळ्यात किचकट काम. मासिकात लिहिलं होतं की नवशिक्याने त्याच्या नादी लागू नये.

बाबा ताडकन उठून बसले. "फाटा तर हवाच! गोदामाशिवाय कुठं स्टेशन असतं का?"

ही दारात उभी होती. रुळांच्या बाबतीत हिने आजवर एक शब्द काढला नव्हता. म्हणाली, "दोन फाटे काढा ना."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांध्यापायी डोळे गेले. बाबांना तो रोज समजावून सांगावा लागतो. रोज ते म्हणतात, "आता कळलं," आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारतात. वय झालं. पण माणूस किती आवडीने ऐकतो! मलाही सांगायला आवडतं. दुकानात मला कुणी काही विचारत नाही, पुस्तक देतात आणि घेऊन जातात.

खाटेची चादर बदलताना हिला बाबांच्या उशीखाली हरवलेली जोडपट्टी सापडली. एक नव्हे, तीन. बाबाही चकित झाले. म्हणाले, "उंदीर असणार. चकचकीत वस्तू नेतात ते बिळात."

"उशीखाली?" ही म्हणाली.

"उबेला," बाबा म्हणाले.

म्हणजे उंदीर आहे तर. आता सगळ्याचा उलगडा झाला. गादीही तोच कुरतडत असणार.

१६ फेब्रुवारी, रविवार

शेजारचा वायरमन आला होता. मोठ्या तोंडाचा पण मनाने चांगला. त्याने रुळांना वीज जोडून दिली, वळणावरच्या जोडांना कथील वितळवून डाख दिला. डाख दिलेला जोड हलत नाही. जाताना म्हणाला, "काका, संध्याकाळी गाडी सोडा. पेढे नकोत, शिट्टी ऐकवा."

संध्याकाळी इंजिन ठेवलं. थोडं चाललं आणि सांध्याजवळ गप्प झालं. वायरमनला पुन्हा बोलावलं. त्याने खाली वाकून पाहिलं, डोकं खाजवलं.

"तासाभरापूर्वी इथं वायर होती. मी माझ्या हाताने लावली होती."

"उंदीर," बाबा म्हणाले.

"आजोबा, उंदीर वायर कुरतडतो. स्क्रू सोडवत नाही."

"तुमच्याकडचा सोडवत नसेल," बाबा म्हणाले आणि कुशीवर वळले.

वायरमन माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. स्क्रू बहुतेक त्यानेच घाईत सैल ठेवला असावा. मी त्याला तसं बोललो नाही, बिचारा फुकट काम करत होता. उद्या उंदराचा सापळा आणतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सापळा खिडकीकडच्या वळणावर लावला होता. संध्याकाळी घरी येऊन बघतो तर त्यात उंदीर नाही, हिचं फडकं अडकलेलं.

"पुसत होते," ही म्हणाली. बोट तोंडात होतं.

"लागलं का?"

"नाही."

"सापळा लावल्याचं सांगितलं होतं ना तुला?"

"सांगितलं होतं. पण मला वाटलं, सांध्याजवळ लावलात."

फडक्यात भाजीची सुरी होती. पुसताना सुरी कशाला, असं विचारणार होतो, पण बोट सुजत होतं, आधी थंड पाणी आणलं. सापळा काढून टाकला. उंदीर परवडला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज सगळं कळलं. 

दुकानात वीज गेली म्हणून दुपारीच सुटी झाली. बाबा फिरायला गेले होते. मी आत आलो तर ही मागच्या खोलीत, खिडकीकडे, माझ्याकडे पाठ करून वाकलेली. हातात भाजीची सुरी. बुचाच्या खाली सुरीचं टोक घालून हळूहळू उचलत होती, एखाद्या माणसाच्या जखमेवरची पट्टी काढावी इतक्या हळू. बूच फाटू नये याची काळजी घेत होती.

"अगं," मी म्हटलं.

सुरी खाली ठेवली. वळली नाही. "तुम्ही रोज पुन्हा लावता ना, म्हणून बरं वाटायचं," म्हणाली. "गाडी फिरली की ते जाणार. मग एक दिवस दूधवाला हाक ऐकणार नाही."

मी खाटेवर बसलो. तीही बसली. मला राग यायला हवा होता. माझ्या गोंदावरचा विश्वास जाईपर्यंत तिने मला फिरवलं होतं. पण तिच्या बोटावर सापळ्याचा निळा डाग होता आणि तो बघून राग आला तो माझाच. पाणी पिऊन पिऊन मी वेळ काढला, आणि हिला सुरी घ्यावी लागली.

मग म्हणाली, "पण खरं सांगते, मी फक्त खिडकीकडचं काढायचे. सांध्याजवळ मी कध्धी हात लावला नाही. वायरला तर नाहीच."

"तो उंदीर," मी म्हटलं.

"हो, तो उंदीर असेल," ही म्हणाली आणि रडता रडता का कोण जाणे, हसली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी देवापुढे बसलो, पण बराच वेळ काही मागता आलं नाही. मी गादी टिकू दे म्हणत होतो आणि त्याच वेळी पलीकडच्या खोलीत ही गादी सुटू दे म्हणत असणार. एका घरातून दोन उलट मागण्या. त्याने कुणाचं ऐकायचं?

विचार करून ठरवलं. माणसाला असं अडकवून ठेवणं बरोबर नाही. गादी सुटली म्हणून ते राहिले, तर ते आमच्याकडे राहिले असं होत नाही, ते रुळांकडे राहिले असं होतं. आज सगळी दुरुस्ती केली. खिडकीकडची गादी चिकटवली, वर वजनाला शब्दकोश ठेवले. सांधा तपासला, वायर घट्ट केली. हिला सांगितलं, "उद्या गाडी फिरेल. मग मी बोलेन."

"बोलाल?"

"बोलेन."

तिने विश्वास ठेवल्यासारखं केलं.

बाबा जेवणानंतर खाटेवर बसून पक्कड उघडमीट करत होते. मी म्हटलं, "आता हात बराच सुधारला की." त्यांनी पक्कड खाली ठेवली. म्हणाले, "हो. हात झाला बरा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

२३ फेब्रुवारी, रविवार

गाडी फिरली.

इंजिन आणि तीन डबे. खिडकीकडच्या वळणावर किंचित कलली, पण सावरली. सांध्यावरून टकटक करत गेली, खाटेच्या बाजूने आली आणि जिथून निघाली तिथं थांबली. एकही धक्का नाही. मासिकात छापावा असा गोल.

आम्ही तिघं उभे होतो. मला वाटलं होतं, अशा वेळी आपण टाळ्या वाजवू. कुणी हातसुद्धा हलवला नाही.

"फाट्यावर घेऊन बघा," बाबा म्हणाले.

फाट्यावर घेतली. तिथंही गेली. परत आली.

"छान," बाबा म्हणाले. "फार छान केलंत जावईबापू. उद्या सकाळी निघतो मी."

ही स्वयंपाकघरात गेली. मी तोंड उघडलं. बाबांनी वाट बघितली, हे मी शपथेवर सांगतो, ते माझ्याकडे बघत उभे राहिले. आणि मी म्हणालो, "डबे किती ओढेल असं वाटतं तुम्हाला?"

"तीन पुरे," ते म्हणाले आणि पिशवी भरायला घेतली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात गेलो नाही. निरोप पाठवला.

सकाळी बाबा तयार होऊन बसले होते. पिशवी दाराशी. अंगात इस्त्रीचा शर्ट. चहा झाला. ही कपबश्या उचलायला आली आणि तशीच उभी राहिली. बाबा चपला घालायला लागले. एक पाय चपलेत गेला, दुसरा जाईना, आणि मी त्यांच्या पायाकडे बघतच बोलायला लागलो. वर बघितलं असतं तर पुन्हा डब्यांवर गेलो असतो.

"बाबा, जिना चांगला झाला असणार. हातही बरा झाला. तिथं तुमचं सगळं नीट चालेल, त्यात काही शंका नाही. तरी राहा."

"का?"

हा प्रश्न मी तयार केलेला नव्हता. जे होतं ते सांगितलं. "तुम्ही आल्यापासून मी दुकानातून येताना भरभर चालतो. आधी तसा चालत नव्हतो. पुन्हा हळू चालायची इच्छा नाही मला."

माझं वाक्य मलाच वेडगळ वाटलं. बाबांनी दुसरा पाय चपलेत सरकवला. मग हिच्याकडे वळून म्हणाले, "आणि तुझं काय?"

"मी खिडकीकडची गादी काढत होते, बाबा. सुरीने. सारखी."

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "तू?"

"हो."

"तू काढत होतीस?" ते पिशवीवरच बसले. खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मिशा पुसल्या, पुन्हा हसले. "आणि मला वाटलं..."

"काय वाटलं?" मी विचारलं.

"काही नाही. उंदीर वाटला."

"मलाही तेच वाटत होतं," मी म्हटलं. यावर बापलेक दोघंही हसत सुटले. माझ्या बोलण्यात एवढं काय होतं कोण जाणे.

हसणं थांबल्यावर बाबांनी चप्पल काढली. आधी एक, मग जरा थांबून दुसरी. म्हणाले, "एक आहे. मी पहाटे उठतो. उठलो की हाताला पीठ लागावं लागतं. नुसतं बसवून ठेवाल तर मी तुम्हाला खाईन. भट्टी पाहिजे. छोटी, विजेची. पण पाहिजे."

"ठेवायची कुठं?" ही म्हणाली. स्वयंपाकघरात पाट ठेवायला जागा नाही.

तिघांनीही मागच्या खोलीकडे पाहिलं. तक्ता अर्धा कापला तरच जागा होणार होती.

"नको, नको," बाबा म्हणाले. "एवढा गोल जमवलात तुम्ही."

मी करवत आणायला गेलो.

९ मार्च, रविवार

पहिला आठवडा कापाकापीतच गेला. रूळ उचलताना कळलं की गोंद किती घट्ट धरला होता. खिडकीकडची गादी मात्र हिने एका हाताने सोडवून दिली, सरावाने. उरलेल्या अर्ध्या तक्त्यावर आता गोल मावत नाही. एक सरळ लाइन, एका टोकाला स्टेशन, दुसऱ्या टोकाला गोदाम. गाडी जाते आणि त्याच रुळांवरून परत येते. वायरमन म्हणाला, "काका, हे जरा कंटाळवाणं झालं." मला तसं वाटत नाही. गोलात गाडी नुसती फिरत असते. आता ती कुठंतरी जाते.

भट्टी आली. पहिल्या दिवशी पाव जळले, बाबांनी भट्टीला नावं ठेवली. दुसऱ्या दिवशी पिठाला नावं ठेवली. तिसऱ्या दिवशी गप्प बसले, तेव्हा समजलो की जमले. दुकानात मी दोन पाव नेले. मालकांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "उद्या?"

आज बाबा त्यांच्या दुकानावर गेले होते. पावाचे साचे आणायचे होते आणि जिनाही अजून पाहिलेला नव्हता. एकटेच गेले, कुणाला बरोबर येऊ दिलं नाही. दुपार टळली. ही तीनदा खिडकीशी गेली. मी गाडी चालवत होतो, पण गाडी कुठं आहे याकडे माझं लक्ष नव्हतं. ती गोदामाच्या भिंतीला धडकली तेव्हा कळलं.

अंधार पडायच्या आत आले. हातात साच्यांचं गाठोडं, कपाळाला घाम.

"एवढा उशीर?" हिने दारातच विचारलं. आवाज जरा चढलेलाच.

"सुतार सोडेना. नवा जिना दाखवत बसला. हा खिळा बघा, तो कठडा बघा. मग म्हणाला, वर जाऊन बसा, चहा सांगतो." त्यांनी गाठोडं माझ्या हातात दिलं आणि चपला काढल्या. "मी म्हटलं, नको रे बाबा. घरी वाट बघत असतील."